भीतीचा पुरावा

बेलवस्ती, ता. कराड
१४ मार्च १९७४

वर्धमाना,

दोन वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी, तेव्हा आधी शिव्या देऊन मोकळा हो. साताऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसून आपण कविता घोकल्या. तू सांगलीला वकील झालास, मी खेड्यातल्या पोरांकडून त्याच कविता घोकून घेत म्हातारा झालो. आज तुझ्या काळ्या कोटाची गरज पडली आहे.

आमच्या गावात बनुबाई आहे. माझीच विद्यार्थिनी, चौथी शिकलेली. नवरा जोतीराम फौजेत हवालदार, सध्या आसामात. घरी ती आणि सासू सुलाबाई. पाच तारखेला, मंगळवारी दुपारी, ती आपल्या रानात हळद शिजवत होती. सासू पोती आणायला घरी गेलेली. सरपंचाचा पुतण्या आकाराम विडीला विस्तव मागत आला. विस्तव घेतला, विडी ओढली आणि मग बाईचा हात धरला. तिनं हिसडा दिला तसा दंड धरला, चोळीची बाही टरकावली आणि उसाकडं ओढू लागला. हळदीच्या काहिलीशेजारी, त्या मोठ्या कढईतलं उकळतं पाणी काढलेला टोप होता. तो तिनं त्याच्या तोंडावर उपडा केला. त्याचा डावा डोळा गेला.

आता पुढचं ऐक आणि तुझं रक्त तापतं का सांग. फिर्याद नोंदली गेली ती आकारामची! कलम तीनशे सव्वीस, जबर दुखापत. बाईला अटक झाली, दोन दिवसांनी जामीन मिळाला. तिची तक्रार मात्र आज नवव्या दिवशी कागदावर उतरली. फौजदार मला तोंडावर म्हणतो, "गुरुजी, बाईच्या अंगावर एक ओरखडा न्हाई. मग बचाव कसला केला तिनं?" म्हणजे आधी अब्रू जाऊ द्यायची, मग पंचनामा करून घ्यायचा आणि मग साहेबांच्या परवानगीनं हात उचलायचा? असल्या राज्यासाठी आपण बेचाळीसला प्रभातफेऱ्या काढल्या का रे?

त्या दुपारी ती थेट माझ्याकडं आली. रानातून येताना पहिलं घर माझंच. ताठ मानेनं आली, हातात रिकामा टोप, डोळ्यांत अंगार. पाठ्यपुस्तकातली एखादी वीरांगना पान उलटून दारात उभी राहावी तशी! चाळीस वर्षं ज्या कविता शिकवल्या त्यांचं चीज झालं असं वाटलं मला.

केस घे. नाही म्हणू नकोस.

तुझा
नाथाजी

&nbsp;

सांगली
२० मार्च १९७४

नाथा,

केस घेतली. शिव्या भेटीत.

तुझा फौजदार चुकतो आणि गड्या, तूही चुकतोस. तो म्हणतो मार खाल्ल्याशिवाय बचाव नाही. कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की तिथून हक्क सुरू. बाईच्या अब्रूवरच घाला येत असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो. तशा वेळी पाणी किती ओतलं आणि किती तापलेलं ओतलं, हे सराफाच्या काट्यावर कुणी तोलत नाही. पण भीती संपली की हक्क संपला. माणूस पाठ फिरवून पळायला लागला आणि मग त्याला मारलं, तर तो सूड. त्याला शिक्षा आहे.

चावडीवर लोक बचाव म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मर्दुमकी असते. कोर्टात त्याच शब्दाच्या पोटात भीती लागते. म्हणून तुझे ते 'डोळ्यांत अंगार' मला नकोत. बाई तुझ्या दारात आली तेव्हा कशी होती? थरथरत होती? रडत होती? तोंडातून पहिला शब्द काय निघाला? तिला त्या घटकेला पाहणारा तू एकटाच आहेस. जे दिसलं तेवढंच लिही. तुझी खोड मला ठाऊक आहे. माहुलीच्या सहलीवर निबंध लिहिताना तू नदीत मगर घातली होतीस. ती म्हैस होती.

आणि एक. बाईनं कुणापाशी काही बोलायचं नाही. तूही नाही.

जयजिनेंद्र.
वर्धमान

&nbsp;

बेलवस्ती
२५ एप्रिल १९७४

वर्धमाना,

उत्तराला उशीर केला, कारण तुझं पत्र वाचून डोकं भणाणलं होतं. हा कसला कायदा? बाईनं स्वतःला वाचवलं, तर तिनं भर कोर्टात उभं राहून 'मी घाबरट आहे' असं म्हणायचं? तिचा नवरा सरहद्दीवर छाती काढून उभा आहे, त्याच्या बायकोनं हे म्हणायचं? घाबरली तर निर्दोष आणि शूर निघाली तर गुन्हेगार! मग शाळांतून शौर्याचे धडे काढून टाका म्हणावं आणि थरथर कसं कापायचं ते शिकवा.

तरीही तुझ्या समाधानासाठी मी तिला विचारलं. "बनू, भ्यालीस काय गं तवा?"

ती खाली बघूनच म्हणाली, "तुमी काय म्हंता, गुरुजी?"

मी म्हणालो, "वाघीण भीत नसते पोरी."

"मग न्हाई भ्याले."

झालं? हे तिचं उत्तर. याच्यापुढं मी काय लिहू?

इकडं यात्रा जोरात झाली. कुस्त्यांच्या मैदानात, जिथं आजवर फक्त पैलवानांना फेटे बांधले गेले, तिथं आम्ही बनुबाईला साडीचोळी आणि नारळ दिला. पंधरा गावची माणसं होती. सरपंचाची मंडळी तोंडं पाडून बसलेली. एक पोवाडाही झाला. लोणंदहून शाहीर अर्जुना आला होता, काय आवाज त्याचा! 'जी जी रं जी' म्हणताना पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. तू असायला हवा होतास.

त्या दुपारी मी काय पाहिलं, ते कोर्टात वेळ येईल तेव्हा बघू.

नाथाजी

&nbsp;

सांगली
९ जानेवारी १९७५

नाथा,

'एक पोवाडाही झाला' असं तू लिहिलंस आणि मी मूर्खासारखा पुढं वाचत गेलो.

आज कराडला आकारामची साक्ष होती. त्यानं शपथेवर सांगितलं की तो नुसता विस्तव मागायला गेला होता, बाई चिडली, तो पळाला आणि बांधापर्यंत पाठलाग करून तिनं पाणी टाकलं. मी उलटतपासात त्याचं पार भुसकट केलं होतं. तेवढ्यात सरकारी वकिलानं खिशातून एक छापील कागद काढला आणि खणखणीत वाचला:

"पळे भेकड बांधावरून, वाघीण धावे मागं रं,
टोप ओतून तोंडावरती फेडला त्याचा पांग रं!
हसत आली गुरूच्या दारी, भीतीचा ना माग रं,
जी जी रं जी!"

खाली छापलंय, 'रचना : नाथाजी गुरुजी, बेलवस्ती'.

मॅजिस्ट्रेटनं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. आकारामच्या तोंडात खोटं होतं, तेच तू चाल लावून दिलंस आणि छापून वाटलंस. आणि ते गायलं जात असताना आरोपी साडी हातात घेऊन समोर उभी होती, हेही सरकारी वकिलानं गावातल्या दोन पंचांकडून वदवून घेतलं.

आता नीट ऐक. तुला साक्षीला उभं केलं तर हाच कागद तुझ्या हातात देऊन विचारतील, तुम्हीच लिहिलंत ना? उभं केलं नाही तर माझ्या हातात काहीच नाही. बाईला तीन-चार वर्षं सहज होतील. नऊ महिने मी एकच गोष्ट विचारतोय. त्या दुपारी तू काय पाहिलंस?

वर्धमान

&nbsp;

बेलवस्ती
१६ जानेवारी १९७५

वर्धमाना,

चार वेळा हे पत्र फाडलं.

ती ताठ मानेनं आली नाही. हसत तर मुळीच आली नाही. मी ओसरीवर वाचत बसलो होतो, तर कोणीतरी मला जवळजवळ तुडवून आत गेलं. मागोमाग गेलो तर बाई कणगीच्या मागं अंग चोरून बसलेली. दातावर दात आपटत होते. "दार लावा, दार लावा," एवढंच म्हणत होती. मी "कोण? काय झालं?" म्हणतोय आणि ती "दार लावा." मी दार लावलं. अंगावर घोंगडं घालायला वाकलो तर अशी किंचाळली की मीच मागं पडलो. तिचं लुगडं ओलं झालं होतं. पाण्यानं नव्हे. समजून घे.

टोप हातात होता खरा, पण तो तिला सोडता येईना. बोटं आखडली होती. मी एकेक बोट उलगडलं. दोन्ही तळवे भाजून फोड आलेले. कोरफडीचा गर लावला. तिला त्याची जाणीवही नव्हती. उलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हळद शिजवनारीला हात भाजल्याचं काय कवतिक?" म्हणून फौजदाराला तिनं हात दाखवले नाहीत आणि मीही बोललो नाही.

का बोललो नाही ते विचारशील. बायको गेल्यापासून सहा वर्षं मी आणि माझी पुस्तकं. त्या दुपारी जे घरात शिरलं ते कुठल्याच कवितेत बसत नव्हतं. मला ते बघवलं नाही. म्हणून मी ते बदललं. आधी तुला लिहिताना बदललं, मग पोवाड्यात, आणि शाहिरानं गायलं तेव्हा तर मलाच खरं वाटलं. पाठलागाचं कडवं यमकासाठी घातलं. तिनं पाठलाग केलाच नाही, ती तर उलट्या दिशेनं, माझ्याकडं पळाली होती.

परवा तिला म्हणालो, "बनू, कोर्टात खरं सांग." ती म्हणाली, "काय खरं? ह्यांचं पत्र आलंय. तुमचा कागुद साऱ्या पलटनीत वाचून दावलाय. वरच्या साहेबानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली. आता मी भ्याले म्हनू? कुणाला तोंड दावायचं ह्यांनी?"

मला सरपंचाचा संताप येत होता, फौजदाराचा येत होता, कायद्याचा येत होता. आता सगळा माझ्याच पायाशी येऊन पडला आहे. पण वर्धमाना, या बाईच्या भीतीवर खटला आणि धैर्यावर खटला, आणि ज्यानं तिला ओढलं तो रोज पारावर बसून विडी ओढतो, याचा संताप तरी कुणावर काढू?

साक्षीला येतो. जे विचारतील ते सांगतो.

नाथाजी

&nbsp;

सांगली
२० जानेवारी १९७५

नाथा,

गाढवा, सगळ्या पत्रात सोनं होतं ते तू जाताजाता टाकून दिलंस. तळवे!

माझ्या आईनं जन्मभर हळद शिजवली. तापलेल्या टोपाला फडक्याशिवाय हात लावताना मी तिला एकदाही पाहिलं नाही. सूड घ्यायला निघालेली बाई चिंधी शोधते, पदर गुंडाळते. उघड्या हातानं उकळत्या पाण्याचा टोप तीच उचलते जिला दुसरं काही दिसत नसतं. यापेक्षा भीतीचा पुरावा काय हवा? डाग अजून असतील. मी तिला कराडच्या डॉक्टरांकडून तपासून घेतो.

आरोपीचा जबाब अठ्ठावीस फेब्रुवारीला, तुझी साक्ष बारा मार्चला. बाही सांग, थरथर सांग, 'दार लावा' सांग, हात सांग. लुगड्याचं मी विचारणार नाही. ते लागणार नाही.

वर्धमान

&nbsp;

बेलवस्ती
१४ मार्च १९७५

वर्धमाना,

परवा तू कोर्टात होतास, पण तुझी पाठ लोकांकडं होती. मला पिंजऱ्यातून सगळे दिसत होते, म्हणून लिहितो.

जबाबाच्या दिवशी बनुनं "भ्याले न्हाई" असंच सांगितलं, तेव्हा तुझा पडलेला चेहरा मी पाहिला होता. म्हणून मी ठरवून आलो होतो की आज काही राखायचं नाही. तुझ्या प्रश्नांपर्यंत ठीक होतं. मग सरकारी वकील तो कागद फडफडवत आला. "हे तुमचंच ना, गुरुजी?" माझंच. "यातलं खोटं किती?" मी म्हटलं, पाठलाग खोटा, हसणं खोटं. "मग गुरुजी, हजारो लोकांपुढं खोटं गाणाऱ्या माणसावर कोर्टानं विश्वास ठेवायचा कसा?" मागं हशा पिकला.

त्या हशानं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यांना पटलंच पाहिजे. आणि मी ते लुगड्याचं सांगितलं. तू हात वर केलास, तोवर बोलून झालं होतं.

लोक पुन्हा हसले, वर्धमाना. भीती हवी होती ना यांना? भीती मागत होते ना? दिली, तर हसले. आकारामचा चुलता तर खोकल्यासारखं करून हसला. शिपाई 'खामोश' ओरडला, पण तोही ओठ दाबून. बनुनं पदर तोंडावर ओढला आणि कोर्ट उठेपर्यंत खाली घेतला नाही.

येताना एस्.टी.त ती पुढं कंडक्टरजवळ बसली. मी मागच्या बाकावरून म्हणालो, "बनू, इकडं जागा हाय." तिनं मान वळवली नाही. आपल्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरली आणि उन्हातून चालत गेली. दुसऱ्या दिवशी सुलाबाईला घेऊन माहेरी, इस्लामपूरकडं गेल्याचं कळलं.

मी चुकीचं केलं का? मी या वेळी खरंच बोललो रे.

नाथाजी

&nbsp;

सांगली
२१ एप्रिल १९७५

नाथा,

सुटली. आज दुपारी निकाल झाला. तू तापानं पडलास असं कळलं, म्हणून लगेच लिहितो.

मॅजिस्ट्रेटनं निकालाआधी तिला जवळ बोलावून तळवे पाहिले. डॉक्टरांचा दाखला होताच. तिनं दोन्ही हात पुढं केले. निकालपत्रात लिहिलंय की या कामात मुरलेली बाई उघड्या हातानं असा टोप उचलते, यावरूनच तिच्या मनाची त्या क्षणीची अवस्था स्पष्ट होते. तिच्या तोंडच्या नकाराला लोकलज्जेपलीकडं अर्थ नाही. पोवाडा हा पुरावा नव्हे, असंही त्यांनी दोन ओळींत झटकलंय.

तू जे शेवटी सांगितलंस, त्याचा निकालपत्रात एका शब्दानंही उल्लेख नाही. मी तीनदा वाचून पाहिलं. विचारलंस म्हणून सांगतो. खरं बोललास. पण ते बोलायचा हक्क तुझा नव्हता.

आकारामवरचा तिचा खटला पुढच्या महिन्यात लागतोय. तो मी सोडणार नाही.

जयजिनेंद्र.
वर्धमान

&nbsp;

इस्लामपूरजवळ, माहेरी
४ मे १९७५

गुरुजी,

पाया पडते. तुमीच शिकवलेल्या अक्षरात लिवत्ये, चुका काढत बसू नका.

सुटले. वकीलसायबांचं उपकार हायेत. तुमचंबी हायेत, न्हाई म्हनत न्हाई, तवा दार लावलंसा. पर तुमास्नी सांगायचं हाय ते तोंडावर जमलं नसतं.

यात्रंत तुमी मला वाघीण केली. मला कुणी इचारलं हुतं का? साडी हातात दिली, हुबी ऱ्हा म्हनला, हुबी ऱ्हायले. मग कोर्टात साहेब इचारतोय, भ्याली का? आवं, पंधरा गावांत वाघीण झाल्याली बाई भ्याले कशी म्हनंल? ते 'न्हाई' म्या न्हाई म्हटलं, तुमच्या पोवाड्यानं म्हटलं.

मग तुमीच हुबं ऱ्हाऊन लुगड्याचं सांगितलं. तवाबी इचारलं न्हाई. आदल्या दिशी घरी येऊन नुसतं म्हनला असता, बनू, असं असं सांगू का, तर मी इचार केला असता. सांगा म्हनले असते का न्हाई, ते आता मलाबी ठावं न्हाई. साहेबानं हात बघून सोडलं. तेवढं पुरं हुतं. पयली माझी मर्दुमकी मांडली, मग माझी भीती मांडली. दोन्ही टायमाला लोक तुमच्याकडंच बघत हुती, गुरुजी.

राग आला तर येऊ द्या. मलाबी लय आलाय.

ह्यांना मीच पत्र घातलंय. समदं लिवलं, लुगड्यासकट. मी भ्याले, मरणाची भ्याले, अन् त्या भ्यानंच मारलं. त्याचा डोळा गेला त्याचं कवा वाईट वाटतंय, कवा वाटत न्हाई. ह्यांचं उत्तर आलं. चार वळी हायेत. लढाईत ह्यांचीबी तीच गत झाल्याली म्हनं, कुणाला सांगितलं न्हवतं. पलटनीतला कागुद त्यांनी काढून घेतलाय.

शाहिराला तुमी सांगा, आता ते गायचं बंद कर. न्हाई ऐकलं तर मी लोणंदला जाऊन सांगनार हाय.

आखितीचा सण झाला की हळद लावायची. सोमवारी येत्ये. बांधापल्याड त्यांचीच वस्ती हाय, अन् तो आता एका डोळ्यानं दिसभर माझ्या रानाकडं बघत बसनार. भ्या वाटनारच. पर रान आमचं हाय, ते पडीक टाकायचं न्हाई. सासूला सांगितलंय, मला एकटीला सोडायचं न्हाई. तिला घरी कामं असत्यात, रोज जमायचं न्हाई.

तुमी बांधावर येऊन बसनार असला तर बसा. वही घरी ठिवून या.

बनुबाई